उणे पंचविसातला दीड दिवसाचा गणपती

मंगळवार, सकाळचे साडेनऊ. युट्रेख्टमधल्या एका संशोधन संस्थेचं तळघर. शीतखोलीचं जाडजूड दार, वर तापमानाचा लाल आकडा: उणे पंचवीस. दारासमोर मृणाल, निखिल, विम आणि मी. आत, रॅकवर, पांढऱ्या पेटीत दीड दिवसाचा गणपती. आत जाऊन तीन वर्षं झालेला!

मृणालचं नोकरीचं कंत्राट त्या महिनाअखेरीला संपणार होतं. ते संपलं की तिचं प्रवेशकार्ड बंद, आणि पेटी कायमच्या संग्रहात. तिला एकच गोष्ट हवी होती. गणपती बाहेर काढायचा आणि त्याचं विसर्जन करायचं. बस. एवढ्यासाठी तीन वर्षं!

हे कसं झालं ते एका किश्श्यात सांगता येत नाही. या मंडळींचे किस्से युट्रेख्ट स्टेशनबाहेरच्या सायकलींसारखे आहेत. एक ओढायला जावं तर हँडलात हँडल अडकलेल्या दहा अंगावर येतात. तेव्हा एकेक सोडवत सांगते.

आधी माणसं. डच सरकारचं एक संशोधन केंद्र उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर आहे. मृणाल साताऱ्याची, हिमनद्यांची अभ्यासक. निखिल चिंचवडचा, एनस्खेडेच्या विद्यापीठात बर्फात भोकं पाडायची यंत्रं बनवतो. दोघं त्या केंद्रावर राहून आलेली. विम तिथला प्रमुख: सहा फूट चार इंच, पांढरी दाढी, नियम तोंडपाठ. आणि मी, पुण्यात पस्तीस वर्षं महानगरपालिका कव्हर केलेली बातमीदार. सध्या उइटहॉर्न या डच गावात मुलाकडे असते. नात माझ्या मराठीला डचमध्ये उत्तर देते, म्हणून बोलायला शनिवारी मृणालकडे जाते. निखिल मला काकू म्हणतो. त्याला शंभर वेळा सांगितलं, काकू म्हणू नकोस, प्रश्नाचं उत्तर दे!

* * *

बेटावरच्या त्या केंद्राच्या वस्तीत एक नियम आहे. कुठल्याही घराला कुलूप लावायचं नाही. बाहेर पांढरी अस्वलं फिरतात. अस्वल दिसलं की माणसानं समोर दिसेल त्या दारातून आत घुसायचं. म्हणून दारं कायम उघडी.

निखिल पहिल्याच संध्याकाळी आत आला, दार लावलं, कडी घातली, आणि दोनदा ओढून पाहिलं.

थोड्या वेळानं दारावर धडाधड बुक्के. बाहेर विम. टेकाडामागे त्याला काहीतरी पांढरट, मोठं हलताना दिसलं होतं.

आतून निखिल विचारतो, "कोण आहे?"

"विम! दार उघड!"

"कोण विम?"

"केंद्राचा प्रमुख! मागे अस्वल आहे!"

"एक मिनिट हं, चप्पल शोधतोय!"

दार उघडलं तेव्हा विम अस्वलापेक्षा पांढरा पडला होता. मागून ते जनावर डुलत डुलत आलं. रेनडिअर निघालं! दोघांकडे तुच्छतेनं पाहून गवत खायला लागलं.

विमनं अर्धा तास झाडलं. कडी का घातली याचं निखिलनं दिलेलं उत्तर अजून त्या केंद्रावर सांगतात म्हणे: "सर, आमच्या सोसायटीत अस्वल जरी आलं ना, तरी ते आधी गेटवर रजिस्टरमध्ये सही करतं!"

* * *

दुसरा नियम: मोबाइल बंद. वायफाय बंद. शेजारी आकाशाचे संदेश टिपणारी एक मोठी दुर्बीण आहे, तिला आपल्या फोनची कुजबुजसुद्धा चालत नाही. सगळ्या केंद्राला मिळून तारेचा एकच फोन, तोही स्वयंपाकघरात.

मृणालचे बाबा साताऱ्याहून रोज फोन करायचे. मृणाल बहुधा हिमनदीवर. फोन उचलेल तो उचलेल. बाबांचा प्रश्न ठरलेला: "जेवली का?"

पहिल्या आठवड्यात मृणालनं सगळ्यांना शिकवून ठेवलं. हा आवाज आला की एकच शब्द म्हणायचा: "जेवली." मग बाबा "बरं बरं" म्हणून फोन ठेवतात. महिनाभरात तिथला पक्षी मोजणारा जर्मन, हवामानवाली नॉर्वेजियन, सगळे फोन उचलून "जेवली!" म्हणायला लागले.

विम तर तरबेज. रिंग वाजली की हातातलं काम न सोडता रिसीव्हर कानाला लावायचा, "जेवली," खाली. एकदा हेग शहरातून मंत्रालयाचा फोन होता. त्यांनाही "जेवली"!

पण एक दिवस बाबांनी पुढचा प्रश्न टाकला. "काय जेवली?"

'काय' एवढं मराठी विमला मृणाल-निखिलमुळे कळायचं. तो अडकला. स्वयंपाकघरात चहूकडे पाहिलं. टोपलीत बटाटे होते.

"पोटॅटो."

मग बाबा काळजीनं म्हणाले, "नुसताच?"

ते विमला कळलं नाही, पण सूर कळला. त्या दिवसापासून तो मृणालच्या ताटात न विचारता चीजचे दोन जास्तीचे तुकडे टाकू लागला!

* * *

डच माणूस दुपारी थंड पाव आणि चीज खातो, आणि त्याला जेवण म्हणतो. यावर मी इथल्या लोकांशी खूप भांडलेय. निकाल लागलेला नाही.

निखिलनं तिसऱ्याच दिवशी आमटीला फोडणी दिली. मोहरी, हिंग, लाल मिरच्या. आधी आगीचा भोंगा वाजला. ते ठीक, तो डोंबिवलीतही वाजला असता. पण वरच्या डोंगरावर हवेतले कण मोजणारं एक यंत्र आहे. जगातल्या सर्वांत स्वच्छ हवेत बसवलेलं. त्याचा काटा एकदम वर!

शास्त्रज्ञांची धावपळ. बैठक. सैबेरियात मोठा वणवा लागलेला दिसतोय, असा प्राथमिक अंदाज. इतर केंद्रांकडे विचारणा गेली: तुमच्याकडे धूर पोचला का?

मृणालला त्या आलेखावर चढ नेमका कधी आलाय ते दिसलं. ती निखिलकडे पाहते, निखिल आमटीकडे.

"सांगू नकोस ना," निखिल कुजबुजला.

मृणालनं सांगितलं. शास्त्रज्ञ आहे ती, काय करणार!

विमनं फोडणीवर बंदी घातली नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं नियम केला. वारा डोंगराकडे वाहत असेल तर फोडणी नाही. समुद्राकडे वाहत असेल तर खुशाल. त्यामुळे ही दोघं रोज सकाळी हवामानाचा अंदाज इतक्या बारकाईनं वाचायची की नॉर्वेजियन बाईला अभिमान वाटायचा. "बुधवारी वारा फिरतोय," मृणाल गंभीरपणे म्हणायची, "भरली वांगी बुधवारी."

* * *

हे सगळं ऐकल्यावर मला तिथं जायचंच होतं. लोकांच्या पैशावर चालणारं केंद्र आहे, पत्रकारानं पाहायला नको? मी जनसंपर्क विभागाला लिहिलं. उत्तर आलं: प्रकृतीचा दाखला आणा.

इथं दाखला म्हणजे हाउसआर्ट्स, आपले फॅमिली डॉक्टर. या देशातल्या हाउसआर्ट्सकडे सगळ्या आजारांवर एकच औषध असतं. माणूस डोकं दुखतंय म्हणून गेला की पॅरासिटामॉल. पाय मोडून गेला की आधी पॅरासिटामॉल, मग बघू.

मी म्हटलं, "मला उत्तर ध्रुवाजवळ जायचंय."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "किती दिवसांपासून वाटतंय असं?"

"वर्षभर."

"रात्री वाढतं का?"

मी भडकले. म्हटलं, हा आजार नाही, ही बातमीदारी आहे! ते शांतपणे म्हणाले, "दोन आठवडे थांबा. तरीही जावंसं वाटलं तर पुन्हा या. तोपर्यंत पॅरासिटामॉल."

* * *

आता गणपती.

मृणालच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. चतुर्थी आली तेव्हा ती केंद्रावर होती. तिनं विमला विचारलं, मूर्ती करू का? विम म्हणाला, जरूर. मग म्हणाली, दुसऱ्या दिवशी समुद्रात सोडायची असते. विम म्हणाला, अजिबात नाही! तिथं समुद्रात नखाएवढी वस्तू टाकायला बंदी.

मृणाल रात्रभर विचार करून सकाळी आली. "बर्फाचा केला तर? हिमनदीचाच बर्फ. तो तसाही समुद्रातच जातो."

विमनं नियमावली काढली, पानं उलटली. हिमनदीला समुद्रात जायला परवानगी लागत नव्हती. "चालेल," तो म्हणाला.

कोरायचं काम निखिलकडे. यंत्रं त्याची, हात स्थिर. मृणालनं कागदावर आकृती काढून कापून दिली. निखिलनं कागद बर्फावर ठेवला तो उलटा. दोन तासांनी गणपती तयार झाला, सुरेख, पारदर्शक, आणि उजव्या सोंडेचा!

मृणालनं डोक्याला हात लावला. "अरे, उजव्या सोंडेचा कडक असतो! आमच्या घरात कोणी आणत नाही. त्याचं सगळं सोवळ्यात करावं लागतं."

"मग फिरवू का सोंड?"

"निखिल, ते स्टिअरिंग नाहीये!"

विमनं विचारलं, कडक म्हणजे काय? मृणालनं सांगितलं, नियम फार असतात. हे ऐकून त्याचे डोळे चमकले. "कोणते नियम? सांग, सगळे सांग!" स्वच्छता, हात न लावणं, वेळ पाळणं, वगैरे तिनं सांगितलं. विम उठून गेला आणि प्रयोगशाळेतले पांढरे सूट, हातमोजे, मास्क, डोक्याच्या टोप्या घेऊन आला. बर्फाचे नमुने हाताळताना घालतात ते. नखशिखांत बांधून आठ माणसांनी पूजा केली. नॉर्वेजियन बाईनं नैवेद्याचा मोदक चिमट्यानं ठेवला!

मृणाल म्हणते, "सुनंदाताई, इतकं सोवळं मी माझ्या आत्याकडेसुद्धा पाहिलं नाही."

* * *

बाहेर त्या आठवड्यात पाऊस. आत हीटर. गणपती वितळायला लागला असता. म्हणून रात्री त्याला केंद्राच्या शीतपेटाऱ्यात ठेवायचं ठरलं. तिथं हिमनदीत नळी खुपसून काढलेले बर्फाचे दांडके पेट्यांमध्ये ठेवलेले असतात, युट्रेख्टला पाठवायला. विमचा नियम: आत जे जाईल ते पेटीत जाईल आणि पेटीला सील लागेल. निखिलनं गणपती हातात घेऊन एक फोटो काढून घेतला. दुर्बिणीपायी फोन बंद, म्हणून केंद्राच्या कॅमेऱ्यानं. मग पेटी, झाकण, सील.

दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन. सकाळी मृणाल आणि निखिल हिमनदीवरची यंत्रं उतरवायला गेली. परत आली तर विम दारात हसत उभा.

"विमान एक दिवस आधी आलं! धुकं येणार होतं ना. पण मी सगळ्या पेट्या चढवल्या!"

मृणालनं विचारलं, "सगळ्या?"

"सगळ्या!" विम छाती फुगवून म्हणाला. "एकही मागे राहिली नाही!"

तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला. बाबांचा. "काय गं, विसर्जन झालं का नीट?"

* * *

मृणालनं बाबांना खरं सांगितलं. तिथून खरी चिंता सुरू झाली. घरातली रीत अशी की मागच्या वर्षीचा गेला नाही तोवर नवा आणायचा नाही. त्यात उजव्या सोंडेचा. बाबा रागावले नाहीत. फक्त एवढंच विचारलं: "मग तिथं त्याला कोणी विचारतं का, जेवला का म्हणून?"

मृणाल युट्रेख्टला परतली तोवर पेटीला क्रमांक मिळाला होता. आता तो राष्ट्रीय नमुना. राष्ट्रीय नमुना वितळवायचा तर नमुना समितीची परवानगी हवी. समितीच्या अध्यक्षबाईंनी तिला रीतसर बसवून प्रश्न विचारले. निखिल सोबत होता.

"हा बर्फ किती खोलवरून काढला?"

"वरवरचाच आहे," मृणाल म्हणाली.

"वय किती?"

निखिल मध्येच बोलला, "अनादी."

अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे फारच जुना. मग तर अजिबात वितळवता येणार नाही!"

मृणाल त्या दिवशी निखिलशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग दर चतुर्थीला ती फुगीर सूट घालून शीतखोलीत जायची. बंद पेटीसमोर आरती. आत माणूस जास्त वेळ थांबला की सुरक्षेचा भोंगा वाजतो, म्हणून आरती दुप्पट वेगानं म्हणायची. घंटा वाजवली तर वरून पहारेकरी धावत यायचा. त्याला दोन्ही वर्षी खडीसाखर दिली. तिसऱ्या वर्षी चतुर्थीच्या आधीच तो विचारायला आला, "यंदा कधी आहे?"

* * *

हे मला कळलं ते कंत्राट संपायला सहा आठवडे उरले असताना. मृणाल कांदे चिरता चिरता सांगत होती आणि म्हणत होती, कांद्यामुळे डोळ्यांत पाणी येतंय. एवढा मोठा खोटारडा कांदा मी पाहिला नाही.

माझं डोकं फिरलं. मी आयुष्यभर महापालिकेला घाम फोडलेली बाई. समितीला तीन प्रश्न पाठवले. नमुना कोणाचा? कोणी ठरवलं? वितळवल्यानं कोणाचं नुकसान? उत्तर आलं: प्रश्नांबद्दल आभार.

आभार! मी ट्रेन पकडून थेट त्यांच्या दारात. स्वागतकक्षातला मुलगा म्हणाला, "अपॉइंटमेंट आहे का?"

"गणपतीची होती का?"

"कोणाची?"

"तीन वर्षं तुमच्या तळघरात बसलाय तो."

मुलगा घाबरला. तळघरात तीन वर्षं माणूस कोंडलाय असं त्याला वाटलं. मी खुलासा केला नाही. पाच मिनिटांत अध्यक्षबाई स्वतः खाली आल्या!

त्यांनी नियम सांगितला. वस्तू विज्ञानाची नाही असं केंद्रप्रमुखानं समितीसमोर कबूल केलं, तर पेटी सोडता येते. अडचण अशी की मग विमनं सरकारी विमानातून भलतीच वस्तू पाठवली असं ठरणार. निवृत्तीला वर्ष उरलेला माणूस. मृणाल म्हणाली, "मी त्याला हे करायला सांगणार नाही." आणि तिनं खरंच सांगितलं नाही.

मी सांगितलं. ती नाराज झाली. होऊ दे.

विम समितीसमोर उभा राहिला. "मी पेट्या मोजल्या," तो म्हणाला, "आत काय आहे ते विसरलो. चूक माझी. तो पाहुणा आहे, नमुना नाही. त्याला दीड दिवस राहायचं होतं."

अध्यक्षबाईंनी त्याला लेखी समज दिली. विमनं ती फ्रेम करून केंद्रावर लावली म्हणतात.

* * *

तर, मंगळवार, सकाळचे साडेनऊ. दार उघडलं. विमनं पेटी बाहेर आणली. सील त्याचंच, त्याच्याच सहीचं, शाबूत. तीन वर्षांत शीतखोलीचं तापमान एकदाही चढलेलं नाही, हे अध्यक्षबाईंनी आदल्या दिवशीच तपासून सांगितलेलं. मृणालनं साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. बाबा धुतलेला सदरा घालून बसले होते.

सील कापलं, झाकण निघालं. गणपती होता. जसाच्या तसा, पारदर्शक, कपाळावर कुंकवाचा ठिपका. मृणालनं हात जोडले. निखिलनं नाक ओढलं आणि थंडीला दोष दिला.

फोनमधून बाबा म्हणाले, "सुंदर आहे गं. पण तू उजव्या सोंडेचा म्हणाली होतीस."

"हो बाबा."

"डावीकडे आहे की."

आम्ही सगळे वाकलो. सोंड डावीकडे होती.

मग विमनं एकदम घड्याळ दाखवलं. वेळ पाळायची असते, हे त्याला तीन वर्षांपूर्वी सांगितलेलं होतं.

बाहेर विमची बाकफीट्स, म्हणजे पुढे लाकडी पेटी असलेली सायकल, उभी होती. तिच्यात इथली माणसं पोरं आणि बटाटे नेतात. तिच्यात गणपती बसला. मागे आमच्या सायकली, पहारेकरी पायी, खडीसाखर वाटत. खेमेंटेनं, म्हणजे इथल्या पालिकेनं, सांगितलं होतं: कालव्यात बर्फ चालेल, फुलं चालणार नाहीत. फुलं मृणालनं केसात माळली. विसर्जन केलं तर गणपती बुडेना! बर्फच तो. तरंगत तरंगत कॉफी पिणाऱ्यांच्या टेबलांसमोरून निघाला. एक बदक बराच वेळ सोबत पोहत गेलं. पुलाखालून पलीकडे गेला तेव्हा केवढासा उरला होता, आणि मग पाणीच होतं. फोनवर बाबा म्हणाले, "गेले. आता पुढच्या वर्षी आण." मृणाल रडत होती आणि हसत होती आणि दोन्हीबद्दल कांद्याला बोल लावायची सोय नव्हती.

संध्याकाळी मी केंद्रावरचा तो फोटो मोठा करून पाहिला. फोटो उलटा छापला असेल, ही पहिली शंका मलाच आली. पण निखिलच्या जॅकेटवर त्याचं नाव सरळ वाचता येतंय. सोंड उजवीकडे आहे. मी मृणालला विचारलं, बर्फ वाकतो का? ती म्हणाली, "वाकतो, सुनंदाताई. हिमनद्या वाहतात त्या त्यामुळेच. पण उणे पंचविसात, पेटीत, तीन वर्षांत, असा नाही." निखिलला विचारलं. तो म्हणाला, "काकू, मी फिरवली नाही, ती मला फिरवूच दिली नव्हती!" विमला विचारलं. त्यानं दाढी खाजवली आणि सील पुन्हा एकदा उलटंसुलटं करून पाहिलं.

मग मी समितीला एकाच ओळीचा प्रश्न पाठवला. सोबत फोटो. सील शाबूत असताना सोंड कोणी फिरवली?

या वेळी आभारही आलेले नाहीत.